प्रॉस्ट हळू होता का? कार्टिंग करणाऱ्या मुलाच्या बाबांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता. मुलगा 14 वर्षांचा, तीन वर्षं कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांची रेसिंग) करतोय, क्वालिफाइंगला (रेसआधी सुरुवातीची जागा ठरवणारे लॅप) कायम पहिल्या तिघांत असतो पण अर्धी रेस झाली की मागे पडायला लागतो आणि शेवटी सहावा-सातवा येतो. कोचने सांगितलं की अ‍ॅलन प्रॉस्टच्या, म्हणजे फॉर्म्युला वनच्या चार वेळच्या फ्रेंच चॅम्पियनच्या, जुन्या रेस बघ. मुलाने बघितल्या आणि म्हणाला, बाबा हा तर काहीच करत नाही, नुसता बसलेला दिसतो, त्याचा प्रतिस्पर्धी सेन्ना बघू या. इंटरनेटवर पण बरेच जण लिहितात की प्रॉस्ट हळू होता, हिशेबी होता, चांगली गाडी आणि राजकारण यावर जिंकला. मग याच्याकडून शिकायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी वीस-बावीस वर्षं कार्ट आणि सिंगल सीटर गाड्यांच्या सेटअपवर (रेसआधी गाडीची जुळणी) काम करतोय, त्यातला बराच काळ पोरांना शिकवण्यात गेला, त्यामुळे जरा लांबच लिहितो. आणि पहिली गोष्ट सांगतो, तुमचा कोच बरोबर आहे. "हा काहीच करत नाही" असं तुमच्या पोराला जे वाटलं ना, तेच तर बघायचं आहे. ऑनबोर्ड व्हिडिओत (गाडीवरच्या कॅमेऱ्याच्या) गाडी बघू नका, त्याचे हात बघा. स्टिअरिंग एकदा वळतं, थांबतं, सुटतं. मधे झटापट नाही, दुरुस्त्या नाहीत. तुमचा मुलगा कॉर्नरमध्ये किती वेळा स्टिअरिंग दुरुस्त करतो ते मोजा एकदा, क्वालिफाइंगला आणि मग रेसच्या दहाव्या लॅपला. मला न बघता सांगता येईल की आकडा वाढलेला असणार.

आता "हळू होता" याबद्दल. 199 रेस, 51 विजय, 33 पोल (क्वालिफाइंगला पहिला), 41 वेळा रेसमधला सगळ्यात फास्ट लॅप, 106 वेळा पोडियमवर (पहिल्या तिघांत), 4 वर्ल्ड चॅम्पियनशिप. 51 विजयांचा रेकॉर्ड 2001 पर्यंत टिकला, मग शूमाकरने मोडला. या आकड्यांत एक गोष्ट लोक बघतच नाहीत, पोलपेक्षा फास्ट लॅप जास्त आहेत. म्हणजे रेस चालू असताना, टायर जुने झालेले असताना, सगळ्यात वेगात हाच. आणि टीममेट कोण होते बघा, लाउडा, केके रोझबर्ग, सेन्ना, मॅन्सेल, डेमन हिल, पाचही कधी ना कधी वर्ल्ड चॅम्पियन झालेले. हळू माणसाला अशा लोकांसोबत एकाच गॅरेजमध्ये वर्षभर टिकता येत नाही, कारण गाडी तीच असते, लपायला जागा नसते.

थोडं सुरुवातीपासून सांगतो कारण त्याचा स्वभाव तिथेच कळतो. (फ्रेंच लोक आलँ प्रोस्त असं काहीसं म्हणतात, आपल्याकडे प्रॉस्टच रुळलंय, तेच लिहितो.) जन्म 24 फेब्रुवारी 1955, फ्रान्समध्ये सँ-शामोंजवळचं लोरेत नावाचं छोटं गाव. आईकडून आर्मेनियन. अंगाने लहानखुरा, फुटबॉलचं वेड, नाक खेळताना बऱ्याचदा मोडलेलं म्हणून ते तसं वाकडं दिसतं. 14 व्या वर्षी घरच्यांबरोबर दक्षिणेच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेला असताना पहिल्यांदा कार्टमध्ये बसला आणि तिथून सुटलाच नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या आत्ताच्या वयात त्याने सुरुवात केली, हे मुलाला सांगा, आजकाल पोरांना वाटतं की सहाव्या वर्षी सुरू केलं नाही तर संपलं सगळं. 1974 ला शाळा सोडली, आणि पैसे कुठून आणायचे तर दुसऱ्यांची कार्ट इंजिनं ट्यून करायची, कार्ट विकायचे, त्यातून स्वतःची रेसिंग करायची. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जो पोरगा इंजिन स्वतः उघडतो त्याला त्या इंजिनाची कीव येते, तो उगाच पिळत नाही. 1975 ला फ्रान्सचा सीनिअर कार्टिंग चॅम्पियन. पुढे त्या काळी तेल कंपनी एल्फने तरुण ड्रायव्हरांसाठी जी वाट बांधली होती त्यावरून फॉर्म्युला रेनॉ, 1976 ला एक सोडून सगळ्या रेस जिंकल्या, 1977 ला युरोपियन टायटल, 1979 ला फॉर्म्युला थ्रीत फ्रेंच आणि युरोपियन दोन्ही टायटलं, वर मोनाकोची एफ थ्री रेस पण.

मग 1979 च्या शेवटी मॅक्लारेन टीमने त्याला वॉटकिन्स ग्लेनला तिसरी गाडी देऊ केली, थेट फॉर्म्युला वन रेस, अमेरिकेत. 24 वर्षांचा मुलगा, कुठलाही पोरगा उडी मारेल. हा नाही म्हणाला. म्हणाला मी गाडी ओळखत नाही, ट्रॅक ओळखत नाही, तयारी नाही, त्यापेक्षा मला टेस्ट द्या. टेस्ट झाली पॉल रिकारला, आणि तिथे त्याने असे टाइम काढले की मालक टेडी मेयर कराराचे कागद घेऊन धावत आला. मी शिकवायला येणाऱ्या प्रत्येक पालकाला हे सांगतो, कारण आपल्याकडे पोरगं जरा चाललं की वरच्या क्लासची गाडी भाड्याने घेऊन बसवायची घाई असते, आणि मग पहिल्या वीकेंडला भिंत, खर्च, आणि पोराच्या मनात भीती. तयारी नसताना नाही म्हणता येणं हे पण ड्रायव्हिंगच आहे.

1980 चं पहिलं वर्ष मात्र वाईट गेलं. पहिल्याच रेसला अर्जेंटिनात सहावा आला, पॉइंट मिळाला, पण नंतर गाडीचे पार्ट तुटून अपघात, क्यालामीला मनगट मोडलं, वॉटकिन्स ग्लेनला डोक्याला मार. वर्षभरात 5 पॉइंट. करार शिल्लक असताना टीम सोडली आणि रेनॉत गेला. तिथे 1981 ला दिजाँमध्ये स्वतःच्या देशात पहिला विजय, पावसामुळे थांबवून परत सुरू केलेली रेस. 1982 ला क्यालामीला पंक्चर होऊन एक लॅप मागे पडला आणि तरी जिंकला, म्हणजे "हळू" माणसाने पूर्ण लॅप वसूल केला, तीही रेस बघा सापडली तर. 1983 ला ऑस्ट्रियानंतर 14 पॉइंटची आघाडी होती आणि शेवटच्या रेसला टर्बो गेला, ब्रॅबम टीमच्या पिकेला 59, याला 57. दोन पॉइंटने टायटल गेलं आणि टीमने खापर त्याच्यावर फोडून काही दिवसांत काढून टाकलं. त्याने मधेच टीमला सांगितलं होतं की ब्रॅबमची बीएमडब्ल्यू आपल्या पुढे चाललीय, काहीतरी करा. कोणी मनावर घेतलं नाही.

आता जिथे तुमच्या मुलाचा विषय येतो ते 1984. प्रॉस्ट मॅक्लारेनमध्ये परत आला, शेजारी निकी लाउडा, दोन वेळचा चॅम्पियन, वय 35. प्रॉस्ट तेव्हा तुमच्या मुलासारखा होता हो! क्वालिफाइंगमध्ये जवळजवळ प्रत्येक वेळी लाउडाच्या पुढे. रेस जिंकल्या 7, लाउडाने 5. आणि चॅम्पियन कोण, तर लाउडा, 72 विरुद्ध 71.5. अर्ध्या पॉइंटने! इतक्या कमी फरकाने त्याआधी किंवा नंतर कधीच टायटल गेलेलं नाही. शेवटच्या रेसला एस्तोरिलला प्रॉस्ट जिंकला, लाउडा ग्रिडवर अकरावा होता आणि शांतपणे एकेक करत दुसरा आला, तेवढं पुरेसं होतं.

तो अर्धा पॉइंट कुठून आला ते पण सांगतो, कारण ही गोष्ट पोरांना फार आवडते. त्याच वर्षी मोनाकोला धो धो पाऊस, प्रॉस्ट पहिला, मागून टोलमन टीमच्या गाडीत एक नवखा ब्राझिलियन पोरगा सेन्ना झपाट्याने जवळ येतोय, प्रॉस्ट हात करून दाखवतोय की थांबवा, आणि 31 व्या लॅपचा निकाल धरून रेस थांबवली. जिंकला, पण अंतर कमी म्हणून पॉइंट अर्धे, 9 ऐवजी 4.5. रेस पूर्ण चालू राहिली असती आणि सेन्नाने गाठून हा दुसरा जरी आला असता तरी 6 मिळाले असते, म्हणजे 73, म्हणजे टायटल. जिंकून हरणं म्हणतात ते हे.

1984 पासून नियम काय होता ते समजल्याशिवाय प्रॉस्ट कळत नाही. रेसमध्ये इंधन भरायला बंदी, आणि टाकीत 220 लिटरच्या वर नाही. 1986 ला ते 195 केलं, 1988 ला टर्बो गाड्यांना फक्त 150. इंजिन दीड लिटरचं टर्बो, ड्रायव्हरसमोर बूस्टची कळ, फिरवली की पॉवर वाढते आणि पेट्रोल नुसतं ओतल्यासारखं जातं. म्हणजे तीनशे किलोमीटर पुरवायचं, पहिल्या लॅपला दीडशे किलोच्या वर इंधन पाठीमागे घेऊन निघायचं, त्या वजनाने ब्रेक आणि टायर भाजून काढायचे नाहीत, आणि शेवटी वेगात असायचं. 1985 ला इमोलाला काय झालं बघा, पुढे असलेला सेन्ना शेवटच्या काही लॅपमध्ये इंधन संपून थांबला, त्याच्याकडून आघाडी घेतलेला योहानसन पण लगेच संपला, प्रॉस्ट पहिला आला, आणि रेसनंतर गाडी वजनात 2 किलो कमी भरली म्हणून त्यालाही बाद केलं. असा तो काळ होता.

मग वाचवायचं कुठे? नवशिका सगळीकडे थोडं थोडं हळू जातो, आणि तिथेच चुकतो. सरळ रस्त्याच्या शेवटच्या पन्नास-साठ मीटरमध्ये गाडी आधीच जवळपास टॉप स्पीडला असते, तिथे फुल थ्रॉटल धरून वेळ फार थोडा मिळतो पण इंधन भरपूर जातं. तिथे पाय जरा आधी उचलायचा, गाडी स्वतःच्या जोरावर जाऊ द्यायची, ब्रेक सुरुवातीला ठाम, मग हलका, आणि कॉर्नरमध्ये वेग टिकवायचा, कारण कॉर्नरमध्ये टिकवलेला वेग परत विकत घ्यावा लागत नाही. पुढची चाकं जेवढी जास्त वळवाल तेवढी ती रस्त्यावर घासतात, घासणं म्हणजे गरमी, गरमी म्हणजे टायर गेला आणि वेग पण गेला, तो परत मिळवायला परत इंधन. म्हणून ते शांत हात. ती काही स्टाइल नव्हती, सौंदर्यासाठी नव्हतं ते. एकाच सवयीने टायर, ब्रेक, इंधन तिन्ही वाचत होतं. लाउडाकडून त्याने हे उचललं की शनिवारी पहिलं असण्यापेक्षा रविवारी शेवटच्या वीस लॅपला गाडी कशी असेल त्यावर शुक्रवारपासून काम करायचं. त्याला लोक प्रोफेसर म्हणायला लागले ते यामुळे.

1985 ला चॅम्पियन झाला, पहिला फ्रेंच वर्ल्ड चॅम्पियन, ब्रँड्स हॅचला चौथा येऊन. हे सगळं पुस्तकात मिळेल. मला 1986 बद्दल लिहायचंय, कारण माझ्या मते फॉर्म्युला वनमध्ये कमी पॉवरच्या गाडीने जिंकलेल्या टायटलांत ते फार वरचं आहे. त्या वर्षी विल्यम्स-होंडा स्पष्टपणे वेगवान, आणि त्यांच्याकडे मॅन्सेल आणि पिके दोघे. मॅक्लारेनचं टॅग-पोर्श इंजिन मागे पडत चाललेलं. इमोलाला प्रॉस्ट पुढे, आणि शेवटच्या कॉर्नरांत इंधन संपायला लागलं, तर याने गाडी डावीकडे उजवीकडे हलवत टाकीतलं उरलंसुरलं पंपाकडे ढकललं आणि तशीच रेषेपार नेली, जिंकला. स्पाला पहिल्याच कॉर्नरच्या गोंधळात गाडी वाकली, वाकलेल्या गाडीने पूर्ण रेस चालवून सहावा, 1 पॉइंट. हॉकेनहाइमला शेवटच्या लॅपला इंधन संपलं, हा उतरून गाडी ढकलायला लागला, जर्मनीच्या उन्हात, शेवटच्या रेषेकडे, एकटा. सहावा धरला, परत 1 पॉइंट. गंमत अशी की तेव्हा 16 पैकी सगळ्यात चांगले 11 निकालच धरायचे, त्यामुळे वर्षाअखेरीस हे दोन्ही एक-एक पॉइंट हिशेबातून गेले! पण जुलैमध्ये ते कोणाला माहीत असतं? त्या क्षणी तो पॉइंट उपयोगाचा होईल असं धरूनच ढकलायचं असतं. ज्या माणसाला "हिशेबी" म्हणतात त्याला गाडी ढकलताना बघा.

आणि मग अ‍ॅडलेड, 26 ऑक्टोबर 1986. मॅन्सेल 70, प्रॉस्ट 64, पिके 63. मॅन्सेलला तिसरा नंबर पुरे. प्रॉस्टला जिंकायलाच हवं आणि वर मॅन्सेलचं काहीतरी बिघडायला हवं. रोझबर्ग, प्रॉस्टचा टीममेट, त्याची शेवटची रेस, तो पुढे पळत होता. मधे बेर्गर नावाच्या ड्रायव्हरला एक लॅप मागे टाकताना धक्का लागून प्रॉस्टचं टायर पंक्चर झालं, आत यावं लागलं, मागे पडला, सगळ्यांना वाटलं संपलं. पण त्याच्या गाडीचे काढलेले टायर बघून गुडइयर या टायर कंपनीच्या लोकांनी ठरवलं की झीज फार नाही, बाकीच्यांचे टायर पूर्ण रेस टिकतील. ते टायर कोणाचे होते हे लक्षात घ्या! प्रॉस्टचे टायर कमी झिजलेले होते कारण ते प्रॉस्टचे होते, असं मला कायम वाटत आलंय. थोड्या वेळाने रोझबर्गचं टायर गेलं, आणि मग मॅन्सेल, सरळ रस्त्यावर तुफान वेगात, मागचं डावं टायर फुटलं, ठिणग्यांचा लोट, गाडी कशीबशी सावरली पण टायटल गेलं. विल्यम्सने घाबरून पिकेला टायर बदलायला आत घेतलं. प्रॉस्ट पुढे, टायर नवे, पण आता त्याचा इंधनाचा मीटर सांगतोय की पाच लिटर कमी पडणार. वेग कमी केला तर पिके गाठणार, नाही केला तर हॉकेनहाइमसारखं ढकलावं लागणार. त्याने मीटर चुकतोय असं धरलं आणि चालवत राहिला. पिकेच्या चार सेकंद पुढे रेषा ओलांडली, लगेच गाडी थांबवली आणि बाहेर उडी मारून नाचला. 72, 70, 69. ज्याला भावना नाहीत म्हणतात तो माणूस.

1987 ला एस्तोरिलला बेर्गरवर लॅपमागून लॅप दबाव ठेवून, तो चुकेपर्यंत मागे लागून, 28 वा विजय घेतला आणि जॅकी स्टुअर्टचा 1973 पासूनचा 27 चा रेकॉर्ड मोडला. हे पण पोराला दाखवा, मागून दबाव कसा ठेवायचा आणि स्वतःचे टायर कसे राखायचे.

आता सेन्ना. तुमच्या मुलाला सेन्ना आवडतो यात काही चूक नाही, मलाही आवडतो, एका लॅपवर तसा दुसरा माणूस झाला नाही असं मी मानतो. दोघे 1988 आणि 1989 मॅक्लारेनला एकत्र होते, सारख्याच गाड्या. पोल बघा, सेन्ना 26, प्रॉस्ट 4. एकतर्फी. विजय बघा, सेन्ना 14, प्रॉस्ट 11. आणि मिळवलेले एकूण पॉइंट बघा, प्रॉस्ट 186, सेन्ना 154. हे तीन आकडे मुलाच्या खोलीत कागदावर लिहून लावा. 1988 ला प्रॉस्टने ज्या 14 रेस पूर्ण केल्या त्या सगळ्यात तो पहिला किंवा दुसरा होता, एकूण 105 पॉइंट, सेन्नाचे 94, पण चांगले 11 निकाल धरायचा तोच नियम, 87 विरुद्ध 90, चॅम्पियन सेन्ना. मी याला अन्याय म्हणणार नाही, नियम दोघांना आधीपासून माहीत होता आणि सेन्नाने 8 रेस जिंकल्या, प्रॉस्टने 7. पण "सेन्नाने त्याला धुतलं" असं कोणी म्हणत असेल तर त्याने आकडे उघडलेले नाहीत.

प्रॉस्टच्या कमजोर बाजू पण सांगतो, पोराला अर्धवट देव देऊ नका. पाऊस. ऑगस्ट 1982, हॉकेनहाइमला प्रॅक्टिस, जोरदार पाऊस, पुढचं काही दिसत नाही, आणि मागून पिरोनीची फेरारी याच्या रेनॉवर आदळून उडाली. पिरोनीचे पाय चिरडले गेले, तो फॉर्म्युला वनमध्ये परत कधी रेस करू शकला नाही. प्रॉस्टने ते जवळून बघितलं. त्यानंतर पाण्याच्या तुषारांत, जिथे दिसत नाही तिथे, तो कधीच तसा निर्धास्त चालवू शकला नाही. 1988 ला सिल्व्हरस्टोनला रेस सोडली, 1989 ला अ‍ॅडलेडला एक लॅप मारून गाडी आत आणून उभी केली आणि परत निघालाच नाही, 1993 ला डॉनिंग्टनला टायर बदलायला सात वेळा आत आला आणि सेन्नाने त्याला एक लॅप मागे टाकलं. लोक भित्रा म्हणाले. मी म्हणत नाही. मी स्वतः ट्रॅकच्या कडेला उभा राहून एक वाईट अपघात बघितलाय, त्यानंतर काही महिने पावसात पोरांना ट्रॅकवर सोडताना माझे हात थंड पडायचे, आणि मी तर गाडीत पण नव्हतो.

आणि सुझुका 1989. 47 वा लॅप, शिकेनला (लागोपाठ डावं-उजवं वळण) सेन्ना आतून घुसला, प्रॉस्ट वळला, दोघे अडकले, प्रॉस्ट उतरला, सेन्ना ढकलून निघाला, जिंकला, नंतर बाद केलं, टायटल प्रॉस्टला. माझं स्पष्ट मत, प्रॉस्ट नेहमीपेक्षा लवकर वळला आणि त्याला माहीत होतं की शेजारी कोण आहे. मी माझ्या पोरांना हे शिकवत नाही. पुढच्या वर्षी तिथेच पहिल्या कॉर्नरला सेन्नाने फेरारीतल्या प्रॉस्टला ठोकलं आणि वर्षभराने कबूल केलं की मुद्दाम केलं, ते पण शिकवत नाही.

पण त्याच 1990 ची मेक्सिकोची रेस, ही मात्र तुमच्या मुलाने वही-पेन घेऊन बघायची. फेरारीत होता तेव्हा. क्वालिफाइंगला तेरावा! कारण त्याने दोन दिवस पोलचा विचारच केला नाही, पूर्ण वेळ रेसच्या सेटअपवर घालवला, भरलेल्या टाकीवर गाडी कशी वागते, टायर किती लॅपनंतर कसा पडतो. आणि रविवारी एकेक करून सगळ्यांना मागे टाकलं, शेवटी सेन्नाला पण, आणि जिंकला. सेन्नाचं टायर शेवटी फाटलं. यावरून मी तुमच्या मुलाच्या प्रॉब्लेमकडे येतो.

क्वालिफाइंगला चांगला आणि रेसमध्ये मागे, याची दोन कारणं असतात आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदम असतात. एक, सेटअप. कार्टमध्ये क्वालिफाइंगला टायर लगेच गरम व्हावा म्हणून हवा जास्त ठेवतात, दोन-तीन लॅपमध्ये टायर लागतो आणि टाइम निघतो. तीच हवा ठेवून पोरगा रेसला निघाला की सहाव्या-सातव्या लॅपला प्रेशर अजून चढतं, टायर फुगतो, मधला भागच रस्त्याला लागतो, ग्रिप गेली. रेसला कमी हवेने सुरू करायचं, पहिले तीन लॅप जरा सहन करायचे. मेकॅनिकला विचारा रेसला थंड प्रेशर किती ठेवतो आणि संपल्या संपल्या गरम प्रेशर किती येतं, तो लिहून ठेवत नसेल तर आजपासून लिहायला लावा.

दोन, चालवणं. कार्टला डिफरन्शियल नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर एकाच वेगाने फिरतात, म्हणून वळताना आतलं मागचं चाक जरा उचललं गेलं पाहिजे, नाहीतर कार्ट अडकतो. जो पोरगा झटका देऊन घालतो त्याचं चाक उचलतं पण मागचा भाग सरकतो, बघायला झकास, नव्या टायरवर टाइम पण निघतो. दहा लॅप तसं केलं की मागचे टायर भाजतात. मग तो अजून झटका देतो कारण कार्ट ऐकत नाही, अजून भाजतात. मी एका मुलाबरोबर कोल्हापूरच्या ट्रॅकवर हेच केलं होतं, तो पण असाच शनिवारचा राजा. त्याला सांगितलं आज टाइम बघायचाच नाही, पंधरा लॅप मार आणि पहिल्या पाच लॅपचा आणि शेवटच्या पाच लॅपचा फरक तेवढा मला आणून दे. पहिल्या दिवशी फरक सेकंदाच्या वर होता. त्याला राग आला, म्हणाला मला हळू चालवायला लावताय. तिसऱ्या आठवड्याला फरक अर्ध्यावर आला, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याचा एकूण पंधरा लॅपचा वेळ पहिल्या दिवसापेक्षा कमी आहे.

1991 ला फेरारीत एकही विजय नाही, गाडीला ट्रकसारखी म्हणाला आणि शेवटच्या रेसआधीच काढून टाकलं, 1992 घरी बसला, 1993 ला विल्यम्समधून 13 पोल, 7 विजय, चौथं टायटल आणि निवृत्ती. त्या वर्षी गाडी सगळ्यात चांगली होती हे खरंच आहे, ते मान्य करायला काही हरकत नाही. शेवटच्या रेसला अ‍ॅडलेडला सेन्ना जिंकला आणि त्याने प्रॉस्टला हात धरून वरच्या पायरीवर ओढून घेतलं. पुढे प्रॉस्टने स्वतःची टीम काढली, लिजिए नावाची टीम विकत घेऊन, 1997 ते 2001, आणि ती बुडाली, 2002 च्या सुरुवातीला दिवाळं. एवढा मोठा ड्रायव्हर टीम चालवू शकला नाही, ते वेगळंच काम आहे. मला त्याहून जास्त आवडतं ते म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर तो फ्रान्सच्या आन्द्रोस ट्रॉफी या गाड्यांच्या रेसिंगमध्ये, बर्फावर, तीन वेळा चॅम्पियन झाला. बर्फावर जोर करून काहीच होत नाही. तिथे फक्त हलके हात चालतात.

मुलासाठी एवढंच करा. पुढच्या दोन प्रॅक्टिस सेशनला डॅशवरचा लॅप टाइमर चिकटपट्टीने झाका, पेट्रोल पूर्ण भरा, जुने टायर लावा आणि वीस लॅप मारू द्या. एक लॅप शीट (प्रत्येक लॅपचा टाइम लिहायचा कागद) तुम्ही धरा, त्याला दाखवू नका. सोळा ते वीस हे पाच लॅप बघा, पहिले पाच सोडून द्या. मग घरी जाऊन मेक्सिको 1990 लावा, आणि त्याला विचारा, तेराव्या नंबरवरून निघालेला हा माणूस पहिल्या दहा लॅपमध्ये काय करत नाहीये. उत्तर तो स्वतः देईल, आणि ते लॅप शीट तेव्हा त्याच्या हातात द्या.